पाठकोऱ्या कागदावरचं इंग्रजी

'महाराष्ट्र' हे नाव इंग्रजीत लिहिलं की ११ अक्षरं होतात. त्यांत स्वर एकच, 'ए', आणि तो चार वेळा येतो. या ११ अक्षरांतून जमतील तेवढे इंग्रजी शब्द काढा, असं सातवीच्या वर्गाला सांगितलं की हॅट, मॅट, रॅट, आर्ट, आर्म हे शब्द बघता बघता सगळ्यांच्या वहीत उतरतात. मागोमाग स्टार, ट्रॅम, हार्म येतात. कुणीतरी 'स्मार्ट' काढून कॉलर ताठ करतं. 'अस्थमा' मात्र सहसा कुणाला दिसत नाही, आणि तो तिथेच असतो: ए-एस-टी-एच-एम-ए. दम्याच्या या स्पेलिंगमधल्या 'टी-एच'चा उच्चारात फारसा पत्ता नसतो, त्यामुळे मोठ्यांचीही तिथे फसगत होते. एकदा 'महाराष्ट्रा'च्या पोटातून ते बाहेर काढलं की मग सहज विसरलं जात नाही.

हा खेळ महाराष्ट्राच्या परीक्षा मंडळालाही परका नाही. दहावीच्या इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत, अगदी पहिल्या प्रश्नात, दिलेल्या शब्दातल्या अक्षरांपासून कमीत कमी तीन अक्षरी चार शब्द बनवायला सांगतात. शेजारीच शब्दसाखळी असते. एक नाम दिलेलं असतं. त्याच्या शेवटच्या अक्षराने सुरू होणारं दुसरं नाम लिहायचं, त्याच्या शेवटच्या अक्षरावरून तिसरं. म्हणजे आपली अंताक्षरीच, फक्त गाणं न म्हणता. टेबल, मग 'ई'चा एलिफंट, 'टी'चा टायगर, 'आर'चा रॅबिट.

खेळ परीक्षेत आला आणि गाइडात अडकला. तयार साखळ्या पाठ करून मुलं पेपर लिहितात, गुण पडतात, खेळ मात्र राहून जातो. याच साखळीत समोर एक जिवंत प्रतिस्पर्धी बसवला की चित्र बदलतं. इंग्रजीत 'ई'ने संपणारे शब्द उदंड, त्यामुळे 'ई' वारंवार वाट्याला येतो आणि एलिफंट, एग, इअर लवकर संपून जातात. मग एखादीच्या लक्षात येतं की ईगल, इंजिन, एन्व्हलप, एक्सरसाइज हे शब्द 'ई'ने सुरू होऊन 'ई'नेच संपतात. आलेली पीडा जशीच्या तशी समोरच्याच्या पदरात टाकता येते. अशा शब्दांची यादी ती मुलगी स्वतःहून, घरी बसून, शब्दकोश उलटून करते. हे काम गृहपाठ म्हणून दिलं असतं तर ती त्याच्या वाटेलाही गेली नसती.

कागद-पेन्सिलीच्या खेळांचं एवढं मोठं प्रकरण का करायचं, असं कुणी विचारेल. त्यासाठी थोडा हिशेब मांडायला हवा. मराठी माध्यमाच्या शाळांत पूर्वी इंग्रजी पाचवीपासून सुरू होई. प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, २००० साली, ते पहिलीपासून आलं. शिकण्याची वर्षं वाढली; वर्गात तोंड उघडण्याची संधी त्या प्रमाणात वाढली का, हा वेगळा प्रश्न. ३५ मिनिटांची तासिका आणि वर्गात ६० मुलं धरली, शिक्षकांनी स्वतः एक शब्दही बोलायचा नाही असं ठरवलं आणि प्रत्येकाला एकेक करून उभं केलं, तरी एकेकाच्या वाट्याला ३५ सेकंद येतात. प्रत्यक्षात तेवढीही येत नाहीत. मग उरतं ते सामुदायिक पठण: 'सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर.' आवाज दणदणीत येतो, आणि त्या आवाजात कोण काय म्हणतंय हे कुणालाच कळत नाही. ग्रामीण भारतातल्या मुलांची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या २०१६च्या अहवालात पाचवीतल्या सुमारे एक चतुर्थांश मुलांनाच इंग्रजीतली साधी वाक्यं वाचता आली होती. हे नुसतं वाचनाचं झालं, बोलण्याची गोष्ट त्याच्याही पुढची.

खेळात मुलं जोड्यांनी बसतात. ६० जणांच्या ३० जोड्या होतात आणि ३० तोंडं एकाच वेळी चालू लागतात. दहा मिनिटांच्या खेळात प्रत्येकाला साधारण पाच मिनिटं बोलायला मिळतं. पण यात एक अट आहे, आणि बहुतेक खेळ तिथेच नापास होतात. अक्षरांतून शब्द काढणं किंवा शब्दकोडं सोडवणं हे मूकपणे करता येतं. स्पेलिंग सुधारतं, जीभ हलत नाही. बोलणं तेव्हाच घडतं, जेव्हा एकाच्या कागदावर असं काही असतं जे दुसऱ्याला हवं आहे, पण दिसत नाही, आणि विचारल्याशिवाय मिळणार नाही.

या कसोटीवर सगळ्यात खणखणीत उतरतो तो आरमाराचा खेळ, म्हणजे 'बॅटलशिप'. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तो कागदावर खेळला जात होता. १९३१मध्ये अमेरिकेत तो 'सॅल्व्हो' नावाने छापील वह्यांच्या रूपात विकायला आला आणि १९६७मध्ये मिल्टन ब्रॅडली कंपनीने त्याला प्लॅस्टिकची पेटी दिली. दोघांनी आपापल्या कागदावर चौकटी आखायच्या, त्यांत जहाजं लपवायची आणि समोरच्याची जहाजं अंदाजाने बुडवायची. मूळ खेळात 'बी-सात', 'एफ-दोन' असं म्हणत तोफ डागतात. हेही काही वाया जात नाही. 'जी' आणि 'जे', 'ई' आणि 'आय' यांत गोंधळणाऱ्या मुलांना अक्षरांची नावं पक्की करायला हा चांगला उपाय. पण खरी गंमत अक्षरांच्या आणि आकड्यांच्या जागी शब्द बसवल्यावर येते.

वहीच्या पानावर पाच बाय पाचचा तक्ता आखायचा. डावीकडे खालोखाल लिहायचं: यू, दे, मीना, सलीम, युअर अंकल. वरच्या ओळीत पाच क्रिया: ड्रिंक टी, प्ले कबड्डी, रीड द पेपर, राइड अ बायसिकल, गेट अप अर्ली. आता २५ चौकटींत एक तीन घरांचं, एक दोन घरांचं आणि एक एका घराचं जहाज लपवायचं. दोघांच्या मध्ये दप्तराची भिंत उभी करायची. गोळा डागायचा असेल तर पूर्ण प्रश्न विचारायचा: 'डज मीना ड्रिंक टी?' तिथे जहाज असेल तर उत्तर 'येस, शी डज', नसेल तर 'नो, शी डझन्ट'. 'डज'च्या जागी 'डू' आलं किंवा 'ड्रिंक'च्या शेपटीला 'एस' चिकटला की बार फुसका गेला आणि पाळी दुसऱ्याची.

मराठीत प्रश्न विचारायला वाक्याच्या टोकाला 'का' लावला की भागतं. इंग्रजीत त्यासाठी सुरुवातीला एक वेगळं क्रियापद आणावं लागतं, ते कर्त्याप्रमाणे बदलावं लागतं, आणि ते बदललं की मुख्य क्रियापदाला हात लावायचा नाही. हा नियम फळ्यावर कितीही वेळा समजावला तरी 'डज शी ड्रिंक्स टी' ऐकू येतंच. आरमाराच्या खेळात समोरचं सगळं आरमार बुडवायला कमीत कमी सहा नेमके प्रश्न लागतात आणि नेम चुकतातच, त्यामुळे एका डावात एकच मूल ही रचना दहा-पंधरा वेळा सहज म्हणून जातं. एकच वाक्य पंधरा वेळा म्हणा असं सांगितलं असतं तर तिसऱ्या वेळेलाच जांभया आल्या असत्या. इथे प्रत्येक प्रश्नाच्या पोटात एक खरी शंका असते: जहाज कुठे आहे? शिवाय राखणीला समोरचा बसलेलाच असतो. प्रतिस्पर्ध्याची चूक पकडली की पाळी आपली, मग कुठलं मूल ती सोडेल?

वरच्या ओळीतली क्रियापदं बदलली की तोच तक्ता दुसऱ्या धड्याला चालतो. 'डिड'चे प्रश्न करायचे असतील तर डावीकडे माणसं आणि वर कालच्या गोष्टी. नववीत 'हॅव यू एव्हर' घेऊन 'कधी समुद्र पाहिलास का', 'कधी विमानात बसलीस का' असे प्रश्न करता येतात. कागद पाठकोरे चालतात. शाळेच्या कार्यालयातले जुने छापील फॉर्म मागच्या बाजूने कोरेच असतात.

एकाकडे असलेली माहिती दुसऱ्याकडे नसणं, याला भाषाशिक्षणात माहितीची दरी म्हणतात. ही कल्पना जगभर पसरवण्यात एका भारतीयाचा मोठा वाटा आहे. मद्रासच्या ब्रिटिश कौन्सिलमध्ये काम करणारे एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर, मद्रास आणि आसपासच्या साध्या शाळांत एक प्रयोग चालवला. तो 'बंगलोर प्रोजेक्ट' म्हणून ओळखला जातो. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांना नकाशे, रेल्वेची वेळापत्रकं, तासिकांचे तक्ते द्यायचे आणि त्यांवरचे प्रश्न इंग्रजीत सोडवायला लावायचे. लक्ष उत्तराकडे असलं की भाषेचं रूप आपोआप अंगवळणी पडतं, असा त्यांचा विश्वास होता. १९८७च्या 'सेकंड लँग्वेज पेडॅगॉजी' या पुस्तकात त्यांनी तीन प्रकारच्या दऱ्या सांगितल्या: माहितीची, तर्काची आणि मताची. प्रभूंचा कौल तर्काच्या दरीकडे होता. वेगवेगळ्या वर्गांची वेळापत्रकं देऊन त्यांवरून एकाच शिक्षकाचं वेळापत्रक शोधून काढायला सांगणं, हे त्यांचं नमुनेदार उदाहरण. त्याला महागडं साहित्य काहीच लागत नाही.

प्रभूंची आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही, कारण ती खेळवेड्या शिक्षकांना अडचणीची आहे. त्यांनी आपल्या वर्गांत जोडीकाम, गटकाम मुद्दाम टाळलं. मुलं आपसात बोलू लागली की मातृभाषेवर येणार, आणि इंग्रजीत बोललीच तर एकमेकांच्या चुका पक्क्या करणार, असं त्यांचं म्हणणं होतं. ही भीती खोटी म्हणता येणार नाही. आरमाराचा खेळ सुरू करून शिक्षक वर्गातून फेरी मारायला लागले की मागच्या बाकावर 'ए, तिसरी रांग, दुसरं घर, आहे का सांग ना' सुरू झालेलं असतं. बोट दाखवूनही खेळता येतो. इंग्रजीची गरजच पडत नाही.

त्यावर तोडगा दोन टप्प्यांचा. पहिला डाव शिक्षक विरुद्ध अख्खा वर्ग असा फळ्यावर खेळायचा. बरोबर रचना सगळ्यांच्या कानावर दहा वेळा पडते आणि नियमही कळतात. मगच जोड्या करायच्या, आणि प्रत्येक दोन जोड्यांमागे एक पंच बसवायचा, ज्याचं काम एवढंच की मराठी शब्द आला की पाळी काढून घ्यायची. पंच होण्यासाठी भांडणं होतात, आणि पंचाचा कान बाकीच्यांपेक्षा तिखट होतो. म्हणून पंच दर डावाला बदलावा. चुका दुरुस्त करायला शिक्षकांनी मध्ये घुसू नये. फेरी मारताना कानावर आलेली वाक्यं नावं न घालता चिठ्ठीवर टिपावीत आणि शेवटी त्यातली तीन-चार फळ्यावर लिहून वर्गालाच विचारावं.

ऐकण्यासाठी हौजीला तोड नाही. गणेशोत्सवात सोसायटीच्या मांडवात हौजी न खेळलेलं मूल शहरात तरी विरळा, त्यामुळे नियम सांगण्यात वेळ जात नाही. फळ्यावर पंधरा शब्द लिहायचे, मुलांनी त्यांतले कुठलेही नऊ निवडून तीन बाय तीनच्या चौकटीत आपल्या मनाप्रमाणे भरायचे. पंधरातून नऊ निवडण्याचे ५,००५ मार्ग आहेत, मांडणीचे प्रकार त्याहून वेगळे, म्हणून शेजारच्याचं बघून लिहिण्यात अर्थ उरत नाही. शिक्षकांनी शब्द पुकारायचा नाही, त्याचं वर्णन पुकारायचं: 'हा कपडे शिवतो', 'तुम्ही हे पावसात वापरता', अर्थात इंग्रजीतून. आकड्यांची हौजी तर आवर्जून खेळावी, पण १ ते ९० नाही. १३ आणि ३०, १४ आणि ४०, १५ आणि ५० अशा फसव्या जोड्याच चौकटीत घ्याव्यात. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी'मधला फरक आघाताचा आहे, आणि बाजारात तो पैशात मोजावा लागतो.

शेवटच्या बाकावरचा लाडका खेळ म्हणजे 'बॉलिवूड'. सिनेमाचं नाव ओळखायचं, प्रत्येक चुकीमागे 'बॉलिवूड' या शब्दाच्या नऊ इंग्रजी अक्षरांतलं एक खोडायचं. फाशीच्या माणसाचा जो इंग्रजी खेळ, त्याचंच हे देशी रूप. ॲलिस गॉम या इंग्लिश लोकसाहित्य-अभ्यासिकेने १८९४मध्ये पारंपरिक खेळांचा जो कोश काढला, त्यात याच्या जातीचा पशू-पक्षी-मासे ओळखण्याचा खेळ नोंदलेला आहे. फास काढून टाकून आपल्या मुलांनी तिथे सिनेमा बसवला हे बरंच झालं. मात्र इंग्रजीच्या दृष्टीने सिनेमाची नावं कुचकामी. रोमन लिपीत लिहिलेल्या हिंदी नावांना इंग्रजी स्पेलिंगची वळणं नसतात; 'शोले'च्या शेवटी 'ए-वाय' का, याला उत्तर नाही. धड्यातले शब्द घेतले की अक्षरांचे अंदाज बांधता येतात: 'क्यू' आला की पुढे 'यू' असणारच, शेवटी 'आय-एन-जी' असण्याचा संभव मोठा. इंग्रजीत 'ई' सगळ्यात जास्त वापरला जातो, म्हणून तर स्क्रॅबलच्या पेटीत 'ई'च्या १२ सोंगट्या असतात आणि 'क्यू'ची एकच.

'नाव, गाव, फळ, फूल'ही असाच सुधारून घ्यावा लागतो. 'बी'वरून भास्कर आणि बीड लिहिलं तर इंग्रजी कुठे आलं? पहिले दोन रकाने काढून तिथे 'स्वयंपाकघरातली वस्तू', 'करता येणारी गोष्ट', 'माणसाचं वर्णन करणारा शब्द' असे रकाने घालावेत. गुणांची जुनी पद्धत मात्र तशीच ठेवावी. कुणाशी जुळला नाही तर दहा, जुळला तर पाच. या एका नियमामुळे मुलं 'बिग' सोडून 'ब्रेव्ह' आणि 'बिझी' शोधायला लागतात. घड्याळ चालू असताना डोक्याच्या तळातून शब्द उपसण्याला मानसशास्त्रात मोल आहे. रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी संशोधकांनी २००६मध्ये विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने आठवून लिहिणारे.

ऑक्सफर्डचे गणिताचे अध्यापक लुइस कॅरॉल यांनी १८७७च्या नाताळात, करायला काही नाही म्हणून कंटाळलेल्या दोन मुलींसाठी, एक कोडं रचलं. एका शब्दातलं एकेक अक्षर बदलत दुसऱ्या शब्दापर्यंत पोचायचं आणि मधली प्रत्येक पायरी खरा शब्द हवी. १८७९मध्ये 'व्हॅनिटी फेअर'मध्ये हे कोडं छापून येऊ लागलं. मांजराचं कुत्रं करायला तीन पायऱ्या पुरतात: सी-ए-टी, सी-ओ-टी, डी-ओ-टी, डी-ओ-जी. खेळ सुरेख, पण एकट्याचा आणि मुका. तासाच्या शेवटची पाच मिनिटं भरायला चांगला.

सगळ्यात जास्त हशा पिकवतो तो घडीचा कागद. उंच कागदाची पट्टी सहा जणांत फिरते. पहिला 'कोण' लिहितो आणि घडी घालून पुढे देतो, दुसरी 'कुणाबरोबर', तिसरा 'कुठे गेले', मग 'काय केलं', 'तो काय म्हणाला', 'ती काय म्हणाली'. शेवटी कागद उलगडून वाचायचा. इंग्लंडात हा खेळ जुना. १९२५च्या सुमारास पॅरिसच्या अतिवास्तववादी कवी-चित्रकारांनी तो आपलासा केला. वर्गात वाचताना पोस्टमन म्हशीबरोबर चंद्रावर गेलेला असतो आणि तिथे त्यांनी निवडणूक लढवलेली असते. हसू ओसरलं की एक काम उरतं. 'गो'चं 'वेन्ट' झालंय का, 'विथ'नंतर काही राहिलंय का, 'ही सेड'नंतर अवतरण आहे का, हे बघून गोष्ट वहीत नीट उतरवायची. तिथे व्याकरण आल्याचं कुणाला जाणवतही नाही, कारण सगळे म्हशीच्या मागे असतात.

काही अडचणी राहतातच. त्याच तीन मुलांनी दरवेळी जिंकणं ही मोठी. त्यावर नशिबाचा भाग असलेले खेळ, म्हणजे हौजी आणि आरमार, जास्त खेळणं हा उतारा. गोंगाटाने शेजारच्या वर्गाची तक्रार येते, तेव्हा आरमाराचा डाव फक्त कुजबुजत खेळायचा नियम करता येतो, आणि तो मुलांना फारच आवडतो. लिहायला मागे पडणारी मुलं आरमारात मागे पडत नाहीत, कारण तिथे लिहावं लागतं ते फार थोडं.

दोन-तीन आठवड्यांनी तक्ता आखण्याचं कामही मुलांकडे द्यावं. डावीकडची नावं आणि वरच्या क्रिया त्यांनीच ठरवायच्या, फक्त प्रत्येक प्रश्न इंग्रजीत बसला पाहिजे. मग तक्त्यात वर्गातली माणसं येतात, 'कॉपी होमवर्क' येतं, 'स्लीप इन क्लास' येतं. 'युअर अंकल'च्या जागी हेडमास्तर आले की पूर्ण वर्ग एकदम बिनचूक 'डज' म्हणतो.